घरच्या सॉकेटमधून ग्रिडची फ्रिक्वेन्सी मिलिहर्ट्झपर्यंत कशी मोजायची?

आधी प्रश्न थोडक्यात. ९ व्होल्टचा एसी अ‍ॅडॉप्टर लावून घरचा सप्लाय अर्डुइनो उनो या छोट्या मायक्रोकंट्रोलर बोर्डाच्या अ‍ॅनालॉग पिनवर घेतला आहे. सेकंदाला १००० सॅम्पल, १०२४ पॉइंटचा एफएफटी (सिग्नलमध्ये कोणती फ्रिक्वेन्सी किती आहे ते सांगणारं गणित). ग्रिडच्या संकेतस्थळावर ४९.९७ दिसत असताना इकडे दिवसभर ४९.८० येतं आणि ते हलतच नाही. झिरो क्रॉसिंगने, म्हणजे लाट शून्य ओलांडते त्या क्षणांवरून, मोजलं तर आकडा ४९.९ ते ५०.३ मध्ये उड्या मारतो. मिलिहर्ट्झपर्यंत जाता येईल का? त्यासाठी काल्मन फिल्टर (नॉइज गाळत अंदाज सुधारत नेणारी पद्धत) किंवा मशीन लर्निंग लागेल का? उनोऐवजी ईएसपी३२ हा दुसरा बोर्ड घ्यावा का?

मिलिहर्ट्झपर्यंत जाता येतं, आणि तेही याच उनोवर. सोबत फक्त एक जीपीएस मॉड्यूल लागेल. माझं काम सबस्टेशनमधले रिले (बिघाड ओळखून लाइन तोडायला लावणारी यंत्रं) आणि पीएमयू (ग्रिडची फेज मोजणारी यंत्रं) यांच्यावर चालतं. तिथल्या महागड्या यंत्रांत आणि तुमच्या टेबलावरच्या बोर्डात गणिताचा फारसा फरक नसतो. फरक असतो तो दोन ठिकाणी: फेज, म्हणजे लाट आपल्या फेरीत कुठे आहे तो कोन, नीट मोजली आहे का, आणि घड्याळ खरं आहे का. पुढचं सगळं या दोन गोष्टींभोवतीच आहे.

एफएफटी ४९.८० ला का चिकटला ते पाहू. १००० भागिले १०२४, म्हणजे एफएफटीचा प्रत्येक खण ०.९७६६ हर्ट्झचा. ५१वा खण ४९.८० वर बसतो आणि ५२वा ५०.७८ वर. फ्रिक्वेन्सी ५०.२९ च्या वर गेल्याशिवाय सगळ्यात उंच खण ५१वाच राहणार. आपल्या ग्रिड कोडमध्ये २०१४ पासून ४९.९० ते ५०.०५ हा पट्टा आहे, म्हणजे जेमतेम ०.१५ हर्ट्झ. ग्रिड जिथे जिथे वावरतो ती सगळी जागा तुमच्या एका खणाच्या सहाव्या-सातव्या हिश्शात मावते. मग आकडा हलणार कसा?

यावर लोक डेटाच्या मागे शून्यं जोडून एफएफटी लांबवतात. त्याने आलेख गुळगुळीत दिसतो, पण नवी माहिती काही येत नाही. त्यापेक्षा हान विंडो (डेटाची दोन्ही टोकं हळूहळू शून्यावर आणणारा गुणक) लावा आणि सगळ्यात उंच खण व त्याचा उंच शेजारी यांचं गुणोत्तर घ्या. शेजारी उजवीकडचा असेल तर त्याची उंची भागिले मुख्य खणाची उंची हे गुणोत्तर. त्याची दुप्पट करून १ वजा करा आणि जे येईल त्याला गुणोत्तर अधिक १ ने भागा. खणाच्या मध्यापासून फ्रिक्वेन्सी किती खण पुढे आहे ते त्यातून मिळतं. समजा गुणोत्तर ०.७३६ आलं. मग ०.४७२ भागिले १.७३६, म्हणजे ०.२७२. ५१.२७२ ला ०.९७६६ ने गुणलं की ५०.०७. तुमच्या डेटावर हे केलंत तर उत्तर याच्याच आसपास येईल असा माझा अंदाज आहे, कारण झिरो क्रॉसिंगच्या उड्यांचा मध्यही तिथेच पडतो. संकेतस्थळ ४९.९७ म्हणतंय आणि आपण ५०.०७. हा ०.१ हर्ट्झचा फरक गणितातला नाही, घड्याळातला आहे. त्याकडे नंतर येतो.

झिरो क्रॉसिंगमध्ये उड्या का येतात याचा हिशेब सोपा आहे. ५० हर्ट्झची साइन लाट शून्य ओलांडताना सेकंदाला स्वतःच्या शिखराच्या ३१४ पट वेगाने चढते. १ टक्का नॉइज असेल तर ओलांडण्याचा क्षण साधारण ३२ मायक्रोसेकंद पुढेमागे होतो. एका सायकलला दोन टोकं, म्हणून ४५ मायक्रोसेकंद. २० मिलिसेकंदांत ४५ मायक्रोसेकंदांची चूक म्हणजे ०.११ हर्ट्झ. तुमच्या उड्या साधारण याच मापाच्या आहेत. एका सायकलऐवजी ५० सायकली मोजल्या तर हीच चूक सव्वादोन मिलिहर्ट्झवर येते, आणि नुसत्या उत्सुकतेसाठी मोजायचं असेल तर तेवढंही पुरेसं आहे. पण ही पद्धत शून्याच्या आजूबाजूची दोनच सॅम्पल वापरते. बाकीच्या लाटेतली सगळी माहिती वाया जाते.

आता मूळ मुद्दा. फ्रिक्वेन्सी थेट शोधू नका, फेज मोजा. फ्रिक्वेन्सी म्हणजे फेज वाढण्याचा वेग. बरोबर ५० हर्ट्झचा एक काल्पनिक संदर्भ घ्या आणि खरी लाट त्याच्या तुलनेत किती अंश पुढे किंवा मागे सरकते ते बघत राहा. ग्रिड ४९.९९ वर असेल तर फेज दर सेकंदाला ३.६ अंश मागे जाते. १ मिलिहर्ट्झचा फरक म्हणजे सेकंदाला ०.३६ अंश. अंशाचा तिसरा हिस्सा मोजणं तुमच्या दहा बिटांच्या एडीसीला (व्होल्टेजचा आकडा करणाऱ्या भागाला) जड नाही, कारण सेकंदात हजारो सॅम्पल आहेत आणि प्रत्येकाकडे फेजची थोडी थोडी माहिती असते.

प्रत्यक्षात करायचं असं. सेकंदाला ४००० सॅम्पल घ्या (१००० का नको ते पुढे सांगतो). ५० हर्ट्झच्या एका सायकलमध्ये बरोबर ८० सॅम्पल येतात, म्हणून कोसाइन आणि साइन यांचे ८०-८० आकड्यांचे तक्ते करून ठेवा. प्रत्येक सॅम्पलला दोन्ही तक्त्यांतल्या आकड्यांनी गुणा आणि दोन्ही गुणाकारांची मागच्या ८० सॅम्पलांची सरकती बेरीज ठेवा: नवं आत घ्या, जुनं वजा करा. सगळं पूर्णांकांत केलंत तर चूक साचत नाही. या दोन बेरजांचा आर्कटॅन म्हणजे फेज. २० मिलिसेकंदांच्या या बेरजेत डीसी ऑफसेट पुसला जातो आणि तिसरा, पाचवा, सातवा असे सगळे हार्मोनिकही (५० च्या पटीतल्या फ्रिक्वेन्सी), कारण त्या वेळात प्रत्येकाच्या पूर्ण फेऱ्या होतात.

मात्र हे पुसणं नेमकं ५० हर्ट्झलाच तंतोतंत असतं, आणि बहुतेकांचं गाडं इथेच अडतं. साइन लाटेला संदर्भाने गुणलं की दोन गोष्टी निघतात: एक आपल्याला हवी ती संथ फेज आणि दुसरी १०० हर्ट्झच्या आसपासची प्रतिमा. ग्रिड ४९.९५ वर असताना ही प्रतिमा ९९.९५ हर्ट्झला असते आणि २० मिलिसेकंदांची बेरीज तिला पूर्ण मारत नाही, २००० पैकी १ हिस्सा उरतो. वाचायला हे क्षुल्लक वाटतं. पण फ्रिक्वेन्सी म्हणजे फेजचा उतार आणि ही १०० हर्ट्झची थरथर आहे, म्हणून उतार काढताना ती जवळपास १०० ने गुणली जाते. २००० पैकी १ ला १०० ने गुणा, येतात ५० मिलिहर्ट्झ. म्हणजे ग्रिड ५० मिलिहर्ट्झने खाली आणि तुमच्या क्षणोक्षणीच्या आकड्यात तेवढीच, ५० मिलिहर्ट्झची थरथर. लोक याला नॉइज समजतात आणि मग जड फिल्टर शोधत बसतात.

उपाय एका ओळीचा आहे. तीच ८० सॅम्पलांची सरकती बेरीज आणखी एकदा करा. २००० पैकी १ चा वर्ग म्हणजे ४० लाखांत १, आणि थरथर ५० मिलिहर्ट्झवरून ०.०२५ मिलिहर्ट्झवर येते. किंमत फक्त २० मिलिसेकंदांची जास्तीची खिडकी. या विषयात एवढ्या स्वस्तात एवढा फायदा मला दुसरीकडे कुठे दिसलेला नाही. सप्लायच्या तिन्ही फेजच्या तारा हाताशी असतील तर क्लार्क ट्रान्सफॉर्मने (तिन्ही लाटा एकत्र करणाऱ्या गणिताने) ही प्रतिमा मुळातच बरीच कमी होते, पण बहुतेक घरांत एकच फेज असते.

यानंतर फेज सलग करून घ्या. ती १८० वरून उणे १८० वर उडी मारते, तिथे ३६० जोडा किंवा वजा करा. मग एका सेकंदाच्या फेजांवर लीस्ट स्क्वेअरने (चुकांच्या वर्गांची बेरीज सगळ्यात कमी ठेवून) सरळ रेषा बसवा. रेषेचा उतार अंश प्रति सेकंदात, त्याला ३६० ने भागा, ५० मिळवा. झालं. फक्त पहिली आणि शेवटची फेज घेऊन उतार काढू नका, त्याने झिरो क्रॉसिंगची उधळपट्टी पुन्हा मागच्या दाराने येते.

आता ४००० सॅम्पल कशासाठी ते सांगतो. १००० च्या वेगाने घेतलं तर १९वा हार्मोनिक ९५० हर्ट्झला असतो आणि तो अलायस होऊन, म्हणजे सॅम्पल कमी पडल्याने खोट्या फ्रिक्वेन्सीचं रूप घेऊन, थेट ५० वर येऊन बसतो. २१वाही तिथेच. ग्रिड ४९.९७ असेल तर १९वा ५०.५७ ला दिसतो, म्हणजे आपल्या सिग्नलपासून ०.६ हर्ट्झवर. एवढ्या जवळ आलेल्याला कुठलीही सरकती बेरीज पुसू शकत नाही. तो अर्धा टक्का जरी असला तरी फ्रिक्वेन्सी ३ मिलिहर्ट्झने मागेपुढे डोलत राहते, आणि तो डोल ग्रिडचाच आहे असं वाटतं, कारण दिसायला अगदी खरा असतो. ४००० ला ही अडचण ७९व्या आणि ८१व्या हार्मोनिकपर्यंत ढकलली जाते. शिवाय १० किलोओहम आणि ०.१ मायक्रोफॅरडचा साधा आरसी फिल्टर एडीसीच्या आधी लावा, त्याची कटऑफ साधारण १५९ हर्ट्झ येते. फिल्टरमुळे ५० हर्ट्झची फेज सरकेल, पण ती जवळजवळ स्थिर सरक आहे आणि उतारावर तिचा परिणाम होत नाही.

जोडणीबद्दल एवढंच: अ‍ॅडॉप्टर ट्रान्सफॉर्मरवाला आणि एसी आउटपुटचा हवा. मोबाइल चार्जरसारख्या एसएमपीएसमधून डीसी येतो, त्यात ५० हर्ट्झ शोधून सापडणार नाही. ट्रान्सफॉर्मरशिवाय मेनला थेट हात घालू नका, रेझिस्टरची साखळी लावूनही नको. सिग्नल २.५ व्होल्टभोवती उचलून घ्या आणि शिखर शून्य ते पाच व्होल्टांच्या आत ठेवा. व्होल्टेज वाढलं की शिखर कापलं जाणार नाही एवढी मोकळीक राहू द्या.

आता घड्याळ. सगळ्यात मोठी चूक इथेच असते आणि सगळ्यात कमी लोक इकडे पाहतात. १ टक्का पांढरा नॉइज, सेकंदाला ४००० सॅम्पल आणि १ सेकंदाची खिडकी असेल तर कोणतीही निःपक्ष पद्धत ज्याच्या खाली जाऊ शकत नाही अशी एक मर्यादा गणिताने काढता येते. तिला क्रामर-राव बाउंड म्हणतात, आणि त्यातले राव म्हणजे आपले सी. आर. राव. या आकड्यांना ती मर्यादा ०.१२ मिलिहर्ट्झ येते, आणि वर सांगितलेली पद्धत तिच्या बरीच जवळ जाते. दुसरीकडे उनोच्या मुख्य चिपला क्वार्ट्झ क्रिस्टल नाही, सिरॅमिक रेझोनेटर आहे. त्याची ढिलाई ०.५ टक्क्यापर्यंत असू शकते. ५० हर्ट्झचा अर्धा टक्का म्हणजे २५० मिलिहर्ट्झ. नॉइज ०.१२ आणि घड्याळ २५०! अशा वेळी एफएफटी की काल्मन यावर वाद घालण्यात काय अर्थ आहे?

म्हणून जीपीएस मॉड्यूलचा दर सेकंदाला येणारा पल्स, म्हणजे पीपीएस, वापरा. स्वस्त मॉड्यूलचाही पीपीएस मायक्रोसेकंदाच्या आत असतो, म्हणजे दहा लाखांत एक. ५० हर्ट्झवर ती चूक ०.०५ मिलिहर्ट्झ, चालेल. उनोवर टायमर १ ला ४००० टिकांची फेरी द्या, १६ मेगाहर्ट्झवर ते बरोबर सेकंदाला ४००० सॅम्पल होतात. फेरीची मर्यादा तुलना रजिस्टर ए मध्ये ठेवा. तुलना बी ने एडीसी हार्डवेअरमधूनच सुरू करा, सॉफ्टवेअरच्या लूपमधून नाही, नाहीतर मिलिसेकंद मोजणारा इंटरप्ट (चालू काम थांबवून मध्ये घुसणारं काम) येऊन सॅम्पलची वेळ हलवतो. दर सॅम्पलनंतर तुलना बी चा फ्लॅग साफ करायला विसरलात तर एडीसी पहिल्याच सॅम्पलवर थांबतो. पीपीएस ८ नंबरच्या पिनवर द्या. तो आला की टायमरचा आकडा हार्डवेअरच पकडून ठेवतं. कितवं सॅम्पल आणि त्यातले किती टिक, दोन्ही मिळाले की प्रत्येक पल्सची जागा ६२.५ नॅनोसेकंदांपर्यंत कळते.

समजा दोन पल्समध्ये १,६०,००,००० ऐवजी १,५९,६८,००० टिक भरले. बोर्डाचं घड्याळ ०.२ टक्का मंद आहे. बोर्ड ज्याला एक सेकंद म्हणतो तो खरा १.००२ सेकंदांचा, त्यात ग्रिडच्या थोड्या जास्त सायकली मावतात आणि फ्रिक्वेन्सी वाढीव दिसते. दुरुस्ती एका गुणाकाराची: ५०.०७ गुणिले ०.९९८, म्हणजे ४९.९७. संकेतस्थळाचा आकडा जागेवर आला. हा गुणक एकदाच काढून ठेवू नका, दर सेकंदाला नवा घ्या, कारण रेझोनेटर तापमानाने सरकतो. बोर्डावर पंख्याचा वारा आला तरी आलेखात दिसतं. सगळा कच्चा डेटा लॅपटॉपवर पाठवून तिथे गणित करा. सेकंदाला ८००० बाइट होतात, १,१५,२०० च्या बॉड रेटवर ते आरामात जातात.

संकेतस्थळाशी जुळवून पाहणं इथे रास्त आहे, कारण ३१ डिसेंबर २०१३ ला रायचूर-सोलापूर ही ७६५ केव्ही लाइन जोडली गेली आणि दक्षिणेचा ग्रिड बाकी देशाशी एकजीव झाला. तेव्हापासून सोलापूर, गुवाहाटी आणि चेन्नईच्या सॉकेटमध्ये सरासरी फ्रिक्वेन्सी एकच असते. फक्त संकेतस्थळाचा आकडा काही सेकंद शिळा असतो, म्हणून एका क्षणाची तुलना करू नका. दहा-पंधरा मिनिटांचे दोन्ही आलेख एकावर एक ठेवा आणि वेळ सरकवून जुळवा.

साचत जाणाऱ्या फेजची ताकद पाहायची असेल तर युरोपातलं २०१८ चं उदाहरण बघा. कोसोवो आणि सर्बियामधल्या तंट्यामुळे तिथल्या ग्रिडला जानेवारीच्या मध्यापासून मार्चच्या सुरुवातीपर्यंत थोडी थोडी वीज कमी पडत राहिली. सरासरी फ्रिक्वेन्सी ४९.९९६ राहिली, म्हणजे फक्त ४ मिलिहर्ट्झ कमी. ग्रिडच्या सायकली मोजून चालणारी ओव्हनवरची आणि उशाशी ठेवायची घड्याळं तेवढ्या काळात जवळपास सहा मिनिटं मागे पडली. दिवसाला सुमारे सात सेकंद. रोजच्या सरासरीची खातरजमा करायला हाच मार्ग उत्तम आहे: दिवसभराच्या एकूण सायकली मोजा आणि ८६,४०० ने भागा.

खिडकी किती लांब ठेवायची हे तुम्हाला काय बघायचं आहे त्यावर आहे. फ्रिक्वेन्सी एकसारख्या वेगाने घसरत असेल तर एका सेकंदावर बसवलेली रेषा चुकत नाही, ती खिडकीच्या मध्याची फ्रिक्वेन्सी बरोबर सांगते. म्हणून टाइमस्टॅम्प मध्याचा लावा, शेवटचा नाही. शेवटचा लावला की अर्ध्या सेकंदाचा उशीर आलेखात कायमचा बसतो. ५ एप्रिल २०२० च्या रात्री नऊ वाजता देशभर दिवे मालवले गेले तेव्हा मागणी सुमारे ३१ हजार मेगावॉटने उतरली आणि परत चढली. ग्रिड ४९.७० ते ५०.२६ च्या दरम्यान राहिला, जलविद्युत केंद्रांनी मोठा भार पेलला. अशी घटना एका सेकंदाच्या खिडकीत सुरेख दिसते. जनरेटर ट्रिप झाल्यानंतरची पहिली काही शे मिलिसेकंद बघायची असतील तर मात्र खिडकी १०० ते २०० मिलिसेकंदांवर आणावी लागते, आणि तिथे नॉइज झपाट्याने वाढतो. खिडकी दहापट लहान केली की चूक साधारण ३२ पट होते. फ्रिक्वेन्सी बदलण्याचा वेग, म्हणजे रोकॉफ, काढायला गेलात तर याहून वाईट. पीएमयूच्या आयईईई मानकातल्या रोकॉफच्या मर्यादाही २०१४ च्या दुरुस्तीत सैल कराव्या लागल्या होत्या.

एका धोक्याबद्दल थोडं थांबून सांगतो, कारण तो फक्त प्रयोगापुरता नाही. जवळची लाइन ट्रिप झाली किंवा फॉल्ट आला की फेज एकदम उडी मारते. फ्रिक्वेन्सी बदललेली नसते, ग्रिडची सगळी चाकं पूर्वीच्याच वेगाने फिरत असतात. पण फेजचा उतार काढणाऱ्याला ती उडी फ्रिक्वेन्सीच वाटते. एका सायकलमध्ये १० अंशांची उडी म्हणजे कागदावर १.३९ हर्ट्झ. १६ ऑगस्ट २०१६ ला कॅलिफोर्नियात ब्लू कट वणव्यामुळे ५०० केव्ही लाइनवर फॉल्ट आला आणि सुमारे १२०० मेगावॉट सौरऊर्जा ग्रिडवरून गेली. त्यातली साधारण ७०० मेगावॉट यासाठी गेली, की सौर पॅनेलची वीज ग्रिडला देणाऱ्या इन्व्हर्टरांनी त्या विस्कटलेल्या लाटेतून फ्रिक्वेन्सी ५७ हर्ट्झच्या खाली मोजली आणि लगेच स्वतःला तोडून घेतलं. साठ हर्ट्झच्या त्या ग्रिडची खरी फ्रिक्वेन्सी ५९.८६७ च्या खाली गेलीच नव्हती. आपल्याकडे राजस्थान-गुजरातमध्ये इन्व्हर्टरची संख्या ज्या वेगाने वाढते आहे ते पाहता हे गणित नीट करणं ही आपलीही गरज आहे. तुमच्या प्रोग्रामसाठी साधा नियम पुरेसा आहे: बसवलेली रेषा आणि प्रत्यक्ष फेज यांच्यातला फरक बघा. तो नेहमीच्या कितीतरी पट वाढला तर त्या खिडकीचा आकडा ‘संशयित’ म्हणून नोंदवा, पण पुसू नका. त्या उड्यांचीही नोंद मोलाची असते.

काल्मन फिल्टर आणि पीएलएल (लाटेच्या फेजला सतत धरून चालणारी यंत्रणा) वाईट नाहीत. इन्व्हर्टरला क्षणोक्षणी ताजी फेज हवी असते, तिथे पीएलएलच लागतो. तुमचं काम नोंद ठेवण्याचं आहे, डेटा साठवून मग हिशेब करता येतो, आणि तिथे सरळ रेषेला हरवणं कठीण आहे. काल्मनमध्ये नॉइजचे आकडे तुम्ही स्वतः भरता. चुकीचे भरले तर उत्तर देखणं येतं पण ग्रिडच्या मागे रेंगाळतं. मशीन लर्निंगची इथे गरज नाही, लाटेचं रूप आपल्याला आधीच माहीत आहे.

ईएसपी३२ बद्दल: त्याला खरा क्रिस्टल आहे, आणि १० पीपीएमचा (दहा लाखांत दहा एवढी चूक असलेला) क्रिस्टल असेल तर चूक ०.५ मिलिहर्ट्झ. म्हणजे जीपीएसशिवायही तुमचं १ मिलिहर्ट्झचं लक्ष्य आवाक्यात येतं. त्याचा एडीसी वाकडा आहे हे खरं, पण त्या वाकडेपणातून हार्मोनिकच निघतात आणि ते दोन सरकत्या बेरजा पुसतात. व्होल्टेज मोजायला तो नको, फ्रिक्वेन्सीला चालतो. वाय-फाय चालू असताना इंटरप्टमधून सॅम्पल घेऊ नका, डीएमएने (प्रोसेसरला मध्ये न घेता डेटा थेट मेमरीत भरून) घ्या. आणि बोर्ड कोणताही घ्या, खरा सिग्नल जोडण्याआधी प्रोग्रामला लॅपटॉपवर बनवलेली ४९.९५ हर्ट्झची लाट खाऊ घाला: ३ टक्के पाचवा हार्मोनिक, १ टक्का नॉइज, थोडा डीसी. एका सेकंदाच्या खिडकीत ४९.९४९ ते ४९.९५१ च्या बाहेर आकडा गेला तर चूक कोडमध्ये आहे, आणि बहुतेक वेळा ती दुसऱ्या सरकत्या बेरजेत किंवा फेज सलग करण्यात सापडते.